टेंडरमध्ये ‘ईएएल ४’ ओएस मागितलीय, म्हणजे नक्की काय?

शाहूपुरीकर:
मंडळी जरा मदत करा. इथल्याच एका पतसंस्थेला कॉम्प्युटरचं कोटेशन भरतोय, त्यात अट हाय की ऑपरेटिंग सिस्टीम कॉमन क्रायटेरिया ईएएल ४ सर्टिफाइडच पाहिजे. विचारलं तर म्हणाले जुन्या टेंडरमधनं घेतलीय. लिनक्स दिलं तर चालंल का? आणि सर्टिफिकेट असलं की सिस्टीम सेफ, असं धरायचं का?

उद्यमनगर_आयटी:
नाही भावा, असं अजिबात धरू नको. कॉमन क्रायटेरिया म्हणजे कॉम्प्युटर उत्पादनांची सुरक्षा तपासायचं आंतरराष्ट्रीय मानक, आणि त्यातलं ईएएल १ ते ७ म्हणजे तपासणी किती खोल झाली ते, सिस्टीम किती मजबूत ते नव्हं. आणि तपासणी होते ती ठराविक व्हर्जनची, ठराविक सेटिंगमध्ये. विंडोज एनटी ३.५ ला १९९५ मध्ये अमेरिकेचं सी२ रेटिंग मिळालं ना, ते नेटवर्कला न जोडलेल्या मशीनसाठी होतं! सी२ ही ऑरेंज बुकमधली पायरी, ते म्हणजे १९८३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं काढलेलं कॉम्प्युटर सुरक्षेच्या निकषांचं पुस्तक, सी२ साठी प्रत्येकाचं वेगळं लॉगिन आणि कोणी काय केलं याची नोंद पाहिजे असं होतं, आणि खरं सांगू का, पतसंस्थेत आज तेवढं जरी झालं तरी लई झालं. मी एका ठिकाणी बघितलंय, कॅशियर, क्लार्क, मॅनेजर सगळे एकाच अ‍ॅडमिन लॉगिननं बसतात आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. तिथं ईएएल ४ काय करणार?

राजारामपुरी_लिनक्स:
लिनक्सचं म्हणशील तर रेड हॅट, सुसे यांच्या काही व्हर्जनना ईएएल ४+ (म्हणजे ४ आणि वर काही जादा तपासणी) मिळालंय, त्यामुळं लिनक्स म्हणून बाद होत नाही, फक्त तू देणार ते व्हर्जन यादीत हाय का ते कॉमन क्रायटेरियाच्या पोर्टलवर बघ. पण अलीकडं बऱ्याच ओएसची तपासणी प्रोटेक्शन प्रोफाइलवर, म्हणजे त्या प्रकारच्या उत्पादनासाठी ठरवलेल्या सुरक्षेच्या अटींच्या यादीवर होते, विंडोज १० चीपण तशीच झाली, त्यात ईएएल ४ असं लिहिलेलं मिळंलच असं नाही. म्हणजे या अटीनं नवीन चांगली सिस्टीमच बाहेर पडायची. आपल्याकडं हे सर्टिफिकेटचं काम केंद्र सरकारची एसटीक्यूसी ही संस्था बघते, २०१३ पासून भारत स्वतः सर्टिफिकेट देणाऱ्या देशांत हाय.

उद्यमनगर_आयटी:
बरोबर. संस्थेला लेखी विचार, अट बदलून घे: सपोर्ट चालू असलेलं व्हर्जन, वेळेवर अपडेट, प्रत्येकाला वेगळं लॉगिन, १८० दिवसांचे लॉग, म्हणजे सिस्टीमवर काय काय झालं त्याच्या नोंदी. सर्ट-इन, म्हणजे केंद्र सरकारची सायबर सुरक्षा बघणारी संस्था, तिच्या २०२२ च्या आदेशातच १८० दिवस लिहिलेत, तो कागद सोबत जोड, संचालक लगेच ऐकतात. आणि विंडोज १० टाकू नको, त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय.

शाहूपुरीकर:
लई आभार. सोमवारी पत्र घेऊनच जातो, काय म्हणतात ते इथं टाकतो.