सोसायटी सिनेमा ग्रुप: रविवारी ‘विरिदियाना’

सेक्रेटरी काका: या रविवारी संध्याकाळी ६ वाजता क्लबहाउसमध्ये ‘विरिदियाना’. दिग्दर्शक लुईस बुन्युएल, १९६१. चहा आहे. खुर्च्या कमी पडतात, शक्य असेल त्यांनी घरून आणाव्यात.

दादा सी-१०४: नायिका कोण आहे काका?

काकू ए-२०२: मेक्सिकोची सिल्विया पिनाल. सेक्रेटरी भाऊ, राग मानू नका, पण पोस्टरवर तिचं नावच नाही हे मला खटकलं. हा सिनेमा झाला तो तिच्यामुळे. बुन्युएलबरोबर काम करायचंच हे तिच्या मनाने घेतलं होतं आणि तिचे तेव्हाचे यजमान गुस्ताव्हो आलात्रिस्ते यांनी पैसा घातला. स्पेन सोडून कित्येक वर्षं बाहेर राहिलेला बुन्युएल हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमध्ये परत जाऊन सिनेमा करतो, त्यामागे ही बाई उभी होती.

दादा सी-१०४: मेक्सिकोची म्हटलं की मला फक्त सलमा हायेक आठवते 🙏

काकू ए-२०२: सलमा जन्मली त्याच्या आधीच सिल्वियाचे बुन्युएलबरोबरचे तिन्ही सिनेमे होऊन गेले होते रे. सिल्वियाचा जन्म १९३१ चा, सोनोरा राज्यातल्या गुआयमास बंदरातला. सुरुवातीला टिन-टान या विनोदी नटाबरोबर कामं केली. १९५६ मध्ये पेद्रो इन्फान्तेबरोबर ‘एल इनोसेन्ते’ आला. त्याच वर्षी चित्रकार दिएगो रिव्हेराने तिचं मोठं चित्र काढलं. म्हणजे बुन्युएलकडे गेली तेव्हा ती काही नवखी नव्हती. चांगली चाललेली गाडी सोडून तिने अवघड वाट धरली, म्हणून मला तिचं कौतुक.

आजोबा बी-१०१: एक शंका. यात येशूच्या शेवटच्या भोजनाची टवाळी आहे असं वाचलं. आपल्याकडे ख्रिश्चन कुटुंबं आहेत. कुणाचं मन दुखावू नये.

काकू ए-२०२: आजोबा, बरं झालं विचारलंत. तो प्रसंग आहे. विरिदियाना जोगीण व्हायला निघालेली मुलगी. ते राहून जातं, मग ती भिकाऱ्यांना घरात आसरा देते. घरचे बाहेर गेल्यावर भिकारी दिवाणखान्यात पांढरं कापड अंथरून जेवणावळ घालतात, आणि ‘फोटो’साठी शेवटच्या भोजनाच्या प्रसिद्ध चित्रासारखे ओळीने बसतात, मधोमध आंधळा. व्हॅटिकनचं मुखपत्र या सिनेमावर तुटून पडलं. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं, पण ते घ्यायला मंचावर गेलेल्या स्पॅनिश अधिकाऱ्याची खुर्ची गेली आणि स्पेनमध्ये १९७७ पर्यंत बंदी राहिली. माझं मत विचाराल तर रोख श्रद्धेवर नाही. दया केली की माणसं आपोआप सुधारतात, या समजुतीवर आहे.

आंटी डी-४०१: आम्ही दोघंही येणार आहोत. भोजनाच्या प्रसंगाचं काही नाही. पण मुलांना आणू नका हे स्पष्ट लिहा. काका भाचीला गुंगीचं औषध पाजतो, आणि शेवटाकडे तिच्यावर जबरदस्तीचा प्रयत्न होतो. ते मुलांसाठी नाही.

सेक्रेटरी काका: नोंद घेतली. फक्त १८ वर्षांवरील.

काकू ए-२०२: अगदी बरोबर आंटी. आणि सगळ्यांनी तिचे हात बघा. गोठ्यात ती गाईचं दूध काढायला हात पुढे करते आणि लगेच मागे घेते. एक शब्द नाही, पण ती मुलगी जगाला किती बिचकते ते तेवढ्यात कळतं. आणि हीच बाई १९६५ च्या ‘सिमोन देल देसिएर्तो’मध्ये सैतान झाली आहे! खांबावर उभ्या असलेल्या तपस्व्याला भुलवायला शाळकरी मुलीच्या वेशात येते. पाऊण तासाचाच सिनेमा आहे.

ताई बी-५०३: काकू, तुमचं सगळं मान्य, पण मला वेगळंच सांगायचंय. कंपनीच्या कामाने मी मेक्सिकोतल्या पुएब्लाला राहत होते. घरमालकीण बाईंना बुन्युएल ठाऊक नव्हता. ‘दोन्या सिल्विया’ (म्हणजे सिल्वियाबाई) म्हटलं की मात्र हातातलं काम सोडून बोलायच्या. कारण टीव्ही. १९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिको सिटीत मोठा भूकंप झाला. हरवलेल्या नातेवाइकांचा शोध लागावा म्हणून त्यानंतर ‘मुहेर, कासोस दे ला विदा रेआल’ हा कार्यक्रम सुरू झाला. पुढे बायका पत्रं पाठवायच्या आणि त्यांच्या खऱ्या गोष्टी त्यात नाट्यरूपात यायच्या. नवऱ्याची मारहाण, बलात्कार, मुलांचे हाल, सगळं. सिल्विया समोर येऊन सरळ बोलायची. २००७ पर्यंत चालला तो. घरमालकीण सांगायच्या, जे शेजारणीला सांगायची चोरी होती ते टीव्हीवर ऐकून धीर यायचा. माझ्या लेखी तिचं हे काम ‘विरिदियाना’पेक्षा मोठं आहे.

दादा सी-१०४: ताई, हे पोस्टरवर यायला हवं.

काकू ए-२०२: मोठं कोणतं यावर आपण चहा पिताना भांडू 🙂 पण तू म्हणतेस ते काम करणारी बाई किती सोसून उभी होती तेही सांगते. मुलगी झाली तेव्हा तिचं नाव तिने विरिदियानाच ठेवलं. ती मुलगीही नटी झाली. १९८२ मध्ये ‘मान्याना एस प्रिमावेरा’ या मालिकेत आईच्याच मुलीचं काम करत होती, आणि ऑक्टोबरमध्ये मोटार अपघातात गेली. वय १९. सिल्विया कामावर परतली. माझ्याच्याने ते झालं नसतं.

आंटी डी-४०१: अरे देवा. हे माहीत नव्हतं.

आजोबा बी-१०१: राजकारणातही होत्या ना त्या?

काकू ए-२०२: हो, संसदेच्या दोन्ही सभागृहांत होत्या. पुढे नटांच्या संघटनेच्या प्रमुखही. नाटकांची निर्मिती केली, ब्रॉडवेची संगीत नाटकं स्पॅनिशमध्ये आणली. २८ नोव्हेंबर २०२४ ला ९३ व्या वर्षी गेल्या. मेक्सिको सिटीच्या बेयास आर्तेस या मोठ्या सभागृहात पार्थिव दर्शनासाठी ठेवलं होतं.

सेक्रेटरी काका: मंडळी, पोस्टर बदलतो. सिल्विया पिनालचं नाव वर, बुन्युएल खाली. सबटायटल्स इंग्रजी आहेत.

ताई बी-५०३: सिनेमाआधी टीव्हीच्या कामाबद्दल दहा मिनिटं मी बोलू का?

सेक्रेटरी काका: नक्की. मग ५:४५ ला सुरू करू. आजोबा, सबटायटल्स वाचायला सोपं पडेल म्हणून पहिली रांग ज्येष्ठांसाठी ठेवतोय.