कासची हवा आणि घटपर्णीच्या बिया

'कासला कीटकभक्षी वनस्पती आपोआप उगवतात, मग साताऱ्यात घटपर्णीच्या बिया जूनमध्ये बाहेर पेरायला काय हरकत' असं इथे कुणीतरी विचारलंय. घटपर्णी म्हणजे घटासारख्या पानांत कीटक पकडणारी वनस्पती. हा मुद्दा अर्धाच पटतो. निकृष्ट माती आणि पावसाचं पाणी हवं, हे बरोबरच. पण कासचं दवबिंदू (ड्रोसेरा, तिथली एक कीटकभक्षी वनस्पती) वर्षायू, म्हणजे एका वर्षातच आयुष्य संपवणारं आहे. पावसात उगवतं, बी टाकतं आणि वाळतं. उन्हाळा काढते ती बी. आपण बोलतोय ती सारासेनिया ही उत्तर अमेरिकेतली, अनेक वर्षं जगणारी घटपर्णी. तिची बी हिवाळा सरल्याची खूण मिळाल्याशिवाय सहसा रुजत नाही, आणि आपल्या जूनमध्ये ती खूण कुठून येणार? म्हणून बी ओल्या स्फॅग्नम शेवाळात गुंडाळून ४ ते ६ आठवडे फ्रीजमध्ये ठेवावी लागते, बर्फाच्या कप्प्यात मात्र नाही. नेपेंथिसला, म्हणजे मेघालयातल्या आपल्या घटपर्णीच्या गटाला, हे लागत नाही. तिथे बी ताजी असणं महत्त्वाचं.

मी सारासेनियाची बी गच्चीवर फेब्रुवारीत पेरतो. बी मातीआड करायची नाही, तिला उजेड लागतो. पण उघड्यावर ठेवली तर आपला पाऊस ती धुऊन नेतो, म्हणून रोपं जीव धरेपर्यंत वर पारदर्शक झाकण हवंच. कोकोपीट वापरत असाल तर आधी खारटपणा जाईतो धुवा, आणि बोअरचं पाणी अजिबात नको. त्यातले क्षार या मुळांना सोसत नाहीत. पावसाळ्यात पिंपभर पाणी साठवून ठेवा.

आणि कासवरून रोप उपटून आणायचा विचार कृपा करून कुणी करू नका.