मदत हवी आहे: ओव्यांचं पुस्तक स्वतःच छापायचंय, ई-बुकही काढायचंय

नमस्कार मंडळी, आत्याने मावळातल्या बायकांकडून ऐकून वह्यांत उतरवलेल्या जात्यावरच्या ओव्यांचं पुस्तक आम्ही दोघी स्वतःच काढतोय, छापील आणि ई-बुक दोन्ही. आयएसबीएनचं (पुस्तकाच्या ओळख-क्रमांकाचं) कळलंय, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून ऑनलाईन अर्ज करून फुकट मिळतो आणि छापीलला वेगळा, ई-बुकला वेगळा घ्यायचा.

अडलंय ते फाँटपाशी. डीटीपी (संगणकावरची अक्षरजुळणी) श्रीलिपीच्या युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये झालंय, छपाईला ते चालतं पण ईपबला (ई-बुकच्या फाईलला) युनिकोडच, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारखा वाचला जाणारा मजकूर लागतो, आणि कन्व्हर्टरमधून काढलं की रफार नि जोडाक्षरं भलतीकडे जातात, तर तुमच्यापैकी कोणी हे केलंय का, कशाने केलं, की सरळ नव्याने टाईप करून घेऊ? कारण बोलीतला एकेक शब्द आत्याने जसा ऐकला तसाच राहायला हवा, तिथे तडजोड नाही करायची. दुसरं म्हणजे मोबाईलवर अक्षर मोठं केलं की ओवीची ओळ मधेच तुटते. फिक्स्ड लेआउट (पानाची मांडणी न हलणारी) केला तर बारीक स्क्रीनवर वाचता येत नाही. काय करावं?

छपाई डेमी साईझ, 80 जीएसएम जाडीचा कागद, सुरुवातीला 200 प्रती. एवढ्याला डिजिटलच बरं ना, का 500 काढून ऑफसेट परवडेल?

आणि किंडलवर भारतातल्या विक्रीला 70 टक्के रॉयल्टी हवी तर केडीपी सिलेक्ट (फक्त ॲमेझॉनवरच ई-बुक विकायची त्यांची योजना) घ्यावं लागतं, मग 90 दिवस ई-बुक दुसरीकडे कुठेच देता येत नाही. मराठी पुस्तकाला ते फायद्याचं पडतं का? अनुभव असेल त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.