हॅमंड्सपोर्टची (न्यूयॉर्क राज्य, अमेरिका) सहल: तारीख सप्टेंबरमध्ये घेता येईल का?

सप्रेम नमस्कार,
मी सध्या सोलापुरात आहे आणि बाबांचे तिकीट काढण्यापूर्वी हा प्रश्न मिटायला हवा. सहल ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी ठरली आहे. पण इथल्या नान्नजच्या आमच्या द्राक्षबागेची फळछाटणी (फळ धरण्यासाठीची छाटणी) त्याच दिवसांत येते, आणि कोणती काडी किती डोळ्यांवर (कोंब फुटतात त्या जागांवर) ठेवायची हे बाबा अजूनही दुसऱ्या कोणावर सोपवत नाहीत. सप्टेंबरचा शेवटचा शनिवार घेतल्यास ते छाटणीपूर्वी परततील. डॉगरिज खुंटावर (ज्याच्या मुळांवर दुसरी द्राक्षे वाढवतात अशा वेलीवर) कलमे भरण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना डॉ. कॉन्स्टंटिन फ्रँक यांनी १९६२ मध्ये हॅमंड्सपोर्टच्या क्यूका तळ्याच्या पश्चिम उतारावर वायनरी (द्राक्षांची वाइन बनवण्याची जागा) काढून, थंडी सोसणाऱ्या खुंटांवर युरोपीय द्राक्षे कशी टिकवली, ते दाखवायचे आहे.

*

नमस्कार,
तारीख शरदातल्या पानांच्या रंगांसाठी समितीने ठरवली असून बसची अनामतही भरली आहे. छाटणी पंधरा दिवस पुढे नेता येणार नाही का? शिवाय बस घेऊन जायचे तर वायनरीला आधी कळवावे लागते. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी न कळवता गेलो आणि फाटकातूनच परतावे लागले, तेव्हा उन्हात ताटकळलेले आजी-आजोबा मी विसरलेलो नाही. माळकरी मंडळींनी तेवढा वेळ काय करायचे, हेही ठरवावे लागेल.
– सहल संयोजक

*

माळकऱ्यांपुरतेच लिहिते. माझ्या सासूबाई पंढरपूरच्या आहेत. मागच्या खेपेस त्या पुल्टनी चौकातल्या बाकावर बसल्या, मग तळ्याच्या काठी गेल्या आणि सिद्धेश्वर तलावाच्या पायऱ्यांच्या आठवणी सांगत राहिल्या. त्यांना गावाबाहेरचे कर्टिस संग्रहालयही फार आवडले. सुरुवातीच्या विमानांचा कर्ता ग्लेन कर्टिस याच गावचा. ४ जुलै १९०८ रोजी त्याने 'जून बग' हे विमान आधी जाहीर करून, लोकांसमोर एक किलोमीटरहून अधिक उडवले. बसने माळकऱ्यांना तेथे सोडून पुढे वायनरीकडे जावे.

*

काकू, ही सोय उत्तम आहे.
संयोजककाका, छाटणी पुढे नेली की माल तितकाच उशिरा तयार होतो, ऐन उन्हाळ्यात सापडतो आणि अवकाळीचा धोका वाढतो; वर्षभराच्या खर्चाचा प्रश्न असल्याने तसे बाबांना मी सांगू शकत नाही. क्यूका तळ्याच्या खोल पाण्यात साठलेली ऊब त्या उतारावरच्या वेलींना कडाक्याच्या थंडीत सांभाळते, आणि हिवाळ्यापूर्वी तेथे कलमाच्या सांध्यावर माती चढवतात, हे कळल्यापासून ते रोज विचारतात की ती माती वसंतात सांध्याला धक्का न लावता कशी काढत असतील. तारीख बदलल्याने अनामत बुडत असेल तर ती रक्कम मी भरतो. वायनरीला पत्र मीच लिहीन. मला फक्त माणसांची संख्या कळवावी.

*

बसवाल्यांशी सोमवारी बोलतो. तोपर्यंत तिकीट काढू नका.
– सहल संयोजक