पाण्याकाठी निवांत बसायचंय, नागपुरात कुठे जाऊ?

परतलेला_पक्षी
नऊ वर्षं पुण्यात काढून जूनमध्ये घरी परत आलो. पुढच्या महिन्यात माझा जुना रूममेट गोव्याहून येतोय. त्याच्या गावी गेलो होतो तेव्हा त्याने मला खाडीकाठच्या एका तावेर्नात नेलं होतं. चार बाकडी, गल्ल्यावर बनियनमधले मालक, तळलेले बांगडे आणि फेणी. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. आता फोनवर विचारतो, "तुमच्याकडे संत्री सोडून काय आहे रे?" झोंबलं.

अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा, सोनेगाव, सक्करदरा, गांधीसागर. एवढे तलाव असलेल्या गावात पाण्याकडे बघत एक बिअर प्यायला जागा नसावी? रूफटॉप नको, डीजे नको, निळे लाइट तर नकोच. प्लास्टिकच्या खुर्च्या चालतील, नव्हे, त्याच हव्यात.

खर्रा_बंद_केला
फुटाळ्यावर गाडी लाव, काच वर कर, बाटली उघड. दहा मिनिटांत पोलीस काच वाजवतील. एकदा अनुभव घेतलाय, दुसऱ्यांदा हौस नाही. तिथे चहा, मॅगी अन् भुट्टा एवढंच. पाण्यात कारंजी बसवली, खोटं वडाचं झाड उभं केलं, तरंगत्या हॉटेलाची स्वप्नं दाखवली, मग सगळं प्रकरण कोर्टात. तुझा मित्र हसेल.

बुटीबोरी_शिफ्ट
वर्धा रोडने येऊ नका एवढंच सांगतो. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, त्यामुळे हद्दीच्या अलीकडचे बार शनिवारी एसटी स्टँडसारखे भरतात. तिथे लोक निवांत बसत नाहीत, कोटा संपवतात.

इतवारी_गोंदिया
भाऊ, तलाव सोडा, नदी पाहा. कन्हान.

मी मालगाडी चालवत होतो, इतवारी ते गोंदिया. आमची रेल्वे पयले दक्षिण पूर्व होती, २००३ पासून दक्षिण पूर्व मध्य झाली. कामठी सुटलं की कन्हानचा पूल लागते. रात्री पुलावरून खाली पाह्यलं की काठावर एक पिवळा बल्ब अन् त्याखाली चार-सहा माणसं दिसत. वीस वर्षं तो बल्ब मी वरूनच पाह्यला. वाटे, हे लोक इतक्या रात्री करून काय राहिले? रिटायर झाल्यावर पयल्याच आठवड्यात शोधत गेलो.

रस्त्याकडून पाह्यलं तर तुमाले काहीच वाटणार नाई. परमिट रूमची पाटी, आत अंधार, टीव्हीवर जुनी मॅच. लोक तिथूनच परत फिरतात. तुम्ही थांबू नका. भटारखान्याच्या बाजूनं, बेसिन ओलांडून मागच्या दारानं निघा. टिनाचं शेड, एक कडुनिंब, उतारावर सहा टेबलं. नदीकडच्या दोन पायांखाली विटा ठेवल्या आहेत, तरी ग्लास थोडा सरकतेच. पुढं नदी. अन् डाव्या हाताले पूल.

नाव लिहीत नाई, माफ करा. इथं लिहिलं की शनिवारी पन्नास जण फोटो काढाले येतील.

येणारे कोण? शिफ्ट सुटलेले वेकोलिचे (वेस्टर्न कोलफिल्ड्सचे) खाणवाले, छावणीतले रिटायर फौजी, खापरखेड्याचे वीजवाले. बहुतेक जण एक निप घेतात अन् दोन तास बसतात. मालक हाकलत नाई. वेटर पयल्यांदा तुमाले "सर" म्हणेल. "भाऊ" म्हणाला की समजा जमलं.

खायचं काय ते नीट ऐका. सावजी मागू नका. सावजी ही कोष्ट्यांच्या घरची चीज, ती घाम पुसत भाकरीसोबत खायची. बिअरवर सावजी म्हणजे दोघांचाही अपमान. मासा मागा, पण पयले विचारा, "नदीचा का बर्फाचा?" पावसाळा सरल्यावर ढिवर लोक मरळ आणून देतात. ती हळद, मीठ, तिखट लावून कढईत सोडली की मागच्या दाराशी उभं राहून वास घ्या, पैसे तिथंच वसूल. उन्हाळ्यात आंध्राचा रोहू येते, तो नाई खाल्ला तरी चालते. तेव्हा पात्रात डांगरवाड्या असतात अन् नदी धोतराच्या काठाएवढी उरते. पण तुमचा मित्र पुढच्या महिन्यात येऊन राहिला न? मग पाणी असेल.

अन् गाडी घरी ठेवा. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर सापडलं की पयल्याच वेळी १० हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत आत, नाईतर दोन्ही. मेट्रोनं ऑटोमोटिव्ह चौक, तिथून ऑटो. दुसऱ्या टप्प्यात मेट्रो कन्हानपर्यंत येणार आहे म्हणतात. तिची मले घाई नाई.

सीताबर्डीची_सून
काका, एवढं सुंदर लिहिलंत, पण बाईने तिथे जावं का हे कुणीच सांगत नाही. मला आणि नवऱ्याला दोघांनाही मासा आवडतो. बिअर मी घेते, तो नाही. दर वेळी वेटर त्याच्याच पुढ्यात बाटली ठेवतो.

इतवारी_गोंदिया
खोटं नाई सांगत, ताई. रात्री आठनंतर तिथं बाई मी पाह्यली नाई. दुपारी तीन-चारला पाह्यल्या आहेत, मालकाची बहीणही तेव्हा गल्ल्यावर असते. आत "फॅमिली रूम" लिहिलेली खोली आहे, तिथं बसवाले पाहतील. बसू नका, खिडकी नाई तिले. सरळ "मागं बसतो" म्हणा. बाटलीचं म्हणाल तर वेटर सगळीकडं तसेच.

परतलेला_पक्षी
जाऊन आलो. बुधवारी, दुपारी चारला. बेसिनच्या पुढे दार आहे हे माहीत नसतं तर खरंच परत फिरलो असतो.

मरळ होती, नदीची. मित्राने पहिला घास खाल्ला आणि गोव्याबद्दल पुढची वीस मिनिटं काही बोलला नाही. मग न राहवून त्याने सावजी मटण मागवलंच. काका, मी अडवलं होतं. उचकी सुरू झाली ती अर्धी बाटली संपेपर्यंत. वेटरने न मागता दह्याची वाटी आणून ठेवली आणि बिलात लावली नाही.

काळोख पडता पडता पुलावर कोळशाची मालगाडी आली. सगळी टेबलं गप्प झाली, आवाजच तेवढा होता. मित्र डबे मोजत होता. "अठ्ठावन्न," म्हणाला. शेजारच्या टेबलावरून पांढऱ्या मिशीवाले एक गृहस्थ मान न वळवता म्हणाले, "अन् मागं ब्रेकव्हॅन."

तुम्हीच होता का?

इतवारी_गोंदिया
बुधवारी मी घरी होतो, गुडघा दुखत होता. मिशीवाला गार्ड होता, आमच्याच लाइनीतला. डबे मी मोजतो, ब्रेकव्हॅन तो कधी सोडत नाई.