यीस्टने डायक्लोफेनॅक काढायचा प्रोजेक्ट, रिमूव्हल चक्क मायनसमध्ये येतंय?? प्लीज मदत करा

कट्ट्यावरची_मायक्रो:
नमस्कार मंडळी, एमएस्सी मायक्रो दुसरं वर्ष, पुण्यातच. प्रोजेक्ट असा की मेलेल्या यीस्टच्या पावडरने पाण्यातलं डायक्लोफेनॅक (दुखण्यावरचं औषध) शोषून घ्यायचं. औषध हेच का तर गिधाडांचं प्रकरण वाचलं होतं (हे औषध दिलेली गुरं मेल्यावर खाऊन गिधाडं मेली, मग गुरांसाठी २००६ मध्ये बंदी आली ते) आणि दुसरं म्हणजे आमची आजी रोज गुडघ्यांना त्याचंच जेल चोपडते, त्यातलं कातडीतून आत जातं थोडंच, बाकीचं अंघोळीला धुऊन थेट मुठा नदीत.

तर बेकरीचं सामान मिळतं त्या दुकानातून इन्स्टंट ड्राय यीस्ट आणलं, ऑटोक्लेव्ह केलं (दाबाच्या वाफेत मारलं), ६० डिग्रीला रात्रभर वाळवलं, खलबत्त्यात कुटलं. औषध २० मिलिग्रॅम प्रति लिटर, १०० मिलीला ०.२ ग्रॅम पावडर, शेकरवर ठेवून गाळून यूव्हीवर २७६ नॅनोमीटरला रीडिंग (औषध जेवढं जास्त तेवढा उजेड जास्त शोषला जातो). पीएच ३ ला ९६ टक्के रिमूव्हल!! सर खूश, म्हणाले पेपर होईल. पण पीएच ७ ला पहिल्या दहा मिनिटांत थोडं कमी झालं आणि तासाभराने रीडिंग सुरुवातीपेक्षा वर, म्हणजे मायनस १२ टक्के. यीस्ट काय औषध बनवायला लागलं का? तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. सबमिशन मार्चमध्ये आहे, रडू येतंय.

चष्मा_पुसून_बघा:
रडू नकोस, हे निम्म्या जगाचं होतं, फक्त कुणी सांगत नाही. तुझं मायनस खरं आहे, पण ते औषध नाही. यीस्ट ऑटोक्लेव्ह केलंस म्हणजे पेशी फुटल्या, आतलं प्रोटीन आणि न्यूक्लिक ॲसिड पाण्यात उतरतंय, आणि ते उजेड शोषतं कुठे तर २६० आणि २८० ला. तुझं औषध २७६ ला, म्हणजे बरोब्बर मधे बसलंय. तू औषध मोजतच नाहीयेस, यीस्टचा रस्सा मोजतेयस.

एकच नंबर न बघता २०० ते ४०० पूर्ण स्कॅन घे, २६० कडे फुगवटा दिसेल. मग नुसतं यीस्ट आणि पाणी, औषध नाही, तोच पीएच, तेवढाच वेळ, तोच फिल्टर, आणि तो ब्लँक वजा कर. आणि त्याहून महत्त्वाचं, नुसतं औषध, यीस्ट नाही, असा पण एक फ्लास्क ठेव, स्पेशली पीएच ३ ला. का ते आत्ता सांगत नाही, करून बघ आणि फिल्टर पेपर टाकू नकोस.

पाकिटामागे ४९१ नंबर लिहिलाय का ते पण बघ. इन्स्टंट यीस्टला इमल्सिफायर लावलेलं असतं, ४९१ म्हणजे तेच, ते पण तुझ्या पावडरीवर बसलेलं असणार. कुटायच्या आधी डिस्टिल्ड वॉटरने तीन-चारदा धू, सेंट्रिफ्यूज कर, वरचं पाणी नितळ दिसेपर्यंत. जमलं तर एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) कलेक्शनमधून यीस्टचा स्ट्रेन घेऊन स्वतः वाढव, निदान काय वापरलं ते लिहिता तरी येतं.

साबुदाणा_खीर:
माझा अनुभव जोडतो, विषयाला थोडा सोडून आहे. आम्ही यीस्ट सोडियम अल्जिनेटमध्ये कालवून कॅल्शियम क्लोराईडमध्ये थेंब थेंब सोडून मणी केले होते, गाळायची कटकट नको म्हणून. इतके सुंदर झाले होते, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे टपोरे. आणि मी शहाण्याने पीएच ७ ठेवायला फॉस्फेट बफर घातला. सकाळी येऊन बघतो तर फ्लास्कमध्ये खीर. फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतो, मणी विरघळतात. तेव्हा मणी करायचे विचार असतील तर फॉस्फेट आणि सायट्रेटच्या वाटेला जाऊ नकोस. माझं आयडी तेव्हापासून हेच आहे.

कट्ट्यावरची_मायक्रो:
@चष्मा देवा!! केलं सगळं. पाकिटामागे ४९१ होतं 😭 धुतलं पाच वेळा, ब्लँक वजा केला, आता पीएच ७ ला मायनस गेलं पण प्लस पण फार नाही, ८ टक्के. आणि पीएच ३ ला यीस्ट न घालता नुसतं औषध गाळलं तर रिडिंग ८८ टक्क्यांनी कमी!! फिल्टरवर पांढरी साय. म्हणजे सगळं औषध यीस्टशिवायच खाली बसत होतं? सरांना कोणत्या तोंडाने सांगू?

चष्मा_पुसून_बघा:
हो. डायक्लोफेनॅकचा पीकेए (ज्या पीएचच्या वर ते निगेटिव्ह होतं तो आकडा) चारच्या आसपास आहे, त्याच्या खाली गेलीस की ते ॲसिड रूपात येतं आणि ते पाण्यात लिटरला जेमतेम दोन-अडीच मिलिग्रॅम विरघळतं. तू टाकलंस वीस. उरलेलं साका होऊन बसलं आणि फिल्टरने अडवलं, यीस्ट बिचारं नुसतं बघत होतं.

पीएच ७ ला ८ टक्के हे मात्र बरोबर वाटतं. तिथे औषध निगेटिव्ह आणि यीस्टची भिंत पण निगेटिव्ह, दोघं एकमेकांना ढकलणारच. सरांना फिल्टरचा फोटो दाखव, बोलायची गरज पडणार नाही. औषध बदलायची मुभा असेल तर सिप्रोफ्लॉक्सासिन (सिप्रो, अँटिबायोटिक) घे. न्यूट्रलला त्याच्यावर प्लस पण असतो आणि मायनस पण, त्यामुळे चिकटायला आधार मिळतो, आणि ३२०-३३० ला त्याचा दुसरा बुटका पीक आहे तिथे यीस्टचा रस्सा फारसा लुडबुडत नाही. फक्त बाटल्या उजेडापासून झाक, सिप्रो उन्हात तुटतं, नाहीतर पुन्हा खोटं रिमूव्हल आणि पुन्हा इथे पोस्ट.

रिटायर्ड_ब्लोअर:
मी केमिस्ट नाही, एसटीपीवर (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) बावीस वर्षं काढली, शिफ्ट इंचार्ज म्हणून रिटायर झालो. वरचं सगळं वाचलं, अर्धं कळलं. पण बाळ एक हिशोब सांगतो. तू लिटरला दोन ग्रॅम यीस्ट घालतेयस. दहा एमएलडीचा छोटासा प्लांट धर, म्हणजे दिवसाला एक कोटी लिटर. झालं वीस टन यीस्ट, रोज. सकाळी ट्रक भरून यीस्ट आत आणि संध्याकाळी औषधाने माखलेलं यीस्ट बाहेर, ते जाळणार कोण आणि कुठे? पुण्यात साधा स्लज (प्लांटचा गाळ) न्यायला ट्रॅक्टर वेळेवर येत नाही.

आणि दुसरं म्हणजे एरेशन टँकमध्ये (सांडपाण्यात हवा सोडतात ती टाकी) लिटरला तीन-चार ग्रॅम बायोमास, म्हणजे जंतूंचा गाळ, आधीच फिरतोय की. जिवंत, फुकट. तो औषध खातो का हे बघ ना, बेकरीत कशाला जातेस.

पाषाण_रोड_वरून:
काकांचा हिशोब बरोबर, त्यात एक भर. स्वित्झर्लंडमध्ये २०१६ पासून निवडक मोठ्या प्लांटना हे मायक्रोपोल्युटंट (पाण्यात अगदी थोडी असणारी औषधं वगैरे) ८० टक्के काढावेच लागतात, तिथे ओझोन नाहीतर ॲक्टिव्हेटेड कार्बन वापरतात. कार्बन पावडर लिटरला १०-२० मिलिग्रॅम पुरते, म्हणजे काकांच्या प्लांटला दिवसाला शे-दोनशे किलो. वीस टनांच्या समोर ठेवून बघा. नाल्याच्या पाण्यासाठी यीस्ट पावडर ही आयडिया मला तरी पटत नाही.

पण फार्मा कंपनीच्या आऊटलेटला, जिथे पाणी कमी आणि औषध जास्त, तिथे गोष्ट वेगळी. हैदराबादजवळ पाटणचेरूला कॉमन ट्रीटमेंट प्लांटच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रो लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं होतं, २००७ मध्ये पेपर आला. म्हणजे तुझ्या फ्लास्कपेक्षा जास्त! शहराच्या सांडपाण्यात हेच मायक्रोग्रॅममध्ये असतं, आणि वर इतर घाण हजारपट, ती सगळी आधी यीस्टवर जागा धरून बसते. तुझं डिस्टिल्ड वॉटर म्हणजे रविवारी सकाळचा लक्ष्मी रोड, खरं सांडपाणी म्हणजे दिवाळीआधीचा.

(लाकूड कुजवणारी बुरशी, ट्रॅमेटीस वगैरे, डायक्लोफेनॅक खरंच तोडते, नुसतं धरून ठेवत नाही. पण न उकळलेल्या सांडपाण्यात बॅक्टेरिया तिला टिकू देत नाहीत. मार्चपर्यंत त्या नादाला लागू नकोस.)

कट्ट्यावरची_मायक्रो:
वीस टन वाचून चहा सांडला. सरांशी बोलले, चिडले नाहीत, फिल्टरचा फोटो बघून पाच मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले हाच चॅप्टर वन कर. औषध आता सिप्रो.

@काका तुमचा स्लज बघायचाय. असं ठरवलंय की एक फ्लास्क जिवंत स्लज, एक ऑटोक्लेव्ह केलेला, आणि एकात नुसतं औषध. मेलेल्यात जेवढं कमी होईल तेवढं चिकटलं, जिवंतमध्ये त्याहून जास्त कमी झालं तर वरचं खाल्लं. ब्लँक प्रत्येकाचा वेगळा, यावेळी शपथ. आणि शेवटी स्लजमधून औषध परत काढून हिशोब जुळतो का बघणार.

@चष्मा जुळला नाही तर परत येईन 🙏

चष्मा_पुसून_बघा:
ये. बऱ्याच अंशी चिकटलेलंच निघेल बघ, सिप्रोला स्लज फार आवडतो. म्हणजे पाण्यातून गेलं आणि स्लजच्या खतात आलं. तो चॅप्टर टू.

रिटायर्ड_ब्लोअर:
बाळ, जुन्या पोरांना फोन केलाय, परवानगीचं कॉलेजचं पत्र घेऊन सकाळी दहाच्या आत जा. एरेशन टँकच्या आऊटलेटचं घे, कडेचा फेस नको. ग्लोव्ह्ज घाल.

कट्ट्यावरची_मायक्रो:
थँक्यू काका!! पीएमटीनेच येणार आहे, बाटली काचेची आणू का प्लॅस्टिकची?

रिटायर्ड_ब्लोअर:
प्लॅस्टिकची, दोन लिटरची, अर्धीच भर. खाली बर्फाची पिशवी ठेव आणि बूच अगदी घट्ट आवळू नकोस. स्लज जिवंत असतो, गॅस धरतो. एकदा एका ट्रेनी पोराने स्वारगेटपर्यंत नेला होता घट्ट बूच लावून, आख्खी बस रिकामी झाली.