‘झेड’ की ‘झी’?

प्रश्न
माझी पाच वर्षांची मुलगी इंग्रजी मुळाक्षरांचे गाणे ऐकून ऐकून शेवटच्या अक्षराला ‘झी’ म्हणू लागली आहे, आणि काल वर्गात तसे म्हटल्यावर ते चूक ठरवले गेल्यामुळे ती रडवेली होऊन घरी आली. एकाच अक्षराला ही दोन नावे कशी पडली आणि त्यांतले चूक कोणते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
चूक कोणतेच नाही. ‘झेड’ हे नाव जुने असून ग्रीक ‘झीटा’पासून लॅटिन आणि जुन्या फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत आले, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि बहुतांश कॅनडात आजही तेच रूढ आहे. ‘झी’ हे बी, सी, डी, टी, व्ही यांच्या चालीवर घडलेले नाव. ते अमेरिकेने काढले असे सर्रास मानले जाते, पण 1677 साली इंग्लंडमध्येच निघालेल्या स्पेलिंगच्या एका पुस्तकात ते सापडते. नोहा वेब्स्टर यांनी 1828 च्या आपल्या कोशात या अक्षराचा उच्चार ‘झी’ असा नोंदवला आणि पुढे अमेरिकेत ‘झेड’ मागे पडले. ‘इझर्ड’ असेही या अक्षराचे एक नाव होते, ते आता जवळजवळ लुप्त झाले आहे.

प्रतिसाद २
त्या गाण्याचा स्वामित्वहक्क 1835 मध्ये बॉस्टन येथे नोंदवला गेला, म्हणजे ते अमेरिकी वळणाचे आहे. ‘व्ही’शी आणि पुढच्या ओळीतल्या ‘मी’शी यमक जुळते ते ‘झी’मुळेच. फोनवर एखादे नाव एकेक अक्षर करून सांगताना मात्र मला ‘झेड’च बरे वाटते, कारण ‘सी’ आणि ‘झी’ यांत ऐकणाऱ्याची हमखास गफलत होते.

प्रतिसाद ३
‘एच’चेही असेच आहे. आयर्लंडमध्ये पुष्कळ लोक त्याला ‘हेच’ म्हणतात, आणि उत्तर आयर्लंडमध्ये तर ‘हेच’ म्हणणारा कॅथलिक व ‘एच’ म्हणणारा प्रोटेस्टंट असावा असा तर्क केला जातो. एका अक्षराच्या नावावरून माणसाचा पंथ ओळखला जावा, हे मला फार अस्वस्थ करते.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. आज तिला तेच गाणे ‘झेड’ घालून म्हणायला सांगितले, तेव्हा ती शेवटाशी अडखळली, पुन्हा सुरुवातीपासून म्हणून पाहिले आणि “आई, इथे ते बसतच नाही” असे म्हणाली. यमकाची गोष्ट तिला मी सांगितली आहे. बाईंशीही उद्या बोलणार आहे.